अॅम्बेसेडरचं टायमिंग, एका बल्बवर

गाडी ओढेना, अॅव्हरेज पडलं, घाटात पाणी उकळलं. काहीही झालं की आपला हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूवर जातो. मी जिथे शिकलो तिथे क्रम उलटा होता. आधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), मग पॉइंट (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच), मग टायमिंग (ठिणगी पडायचा क्षण) आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. त्यातही टायमिंगला हात लावायची परवानगी पॉइंट नीट बसल्याशिवाय मिळायची नाही. तेव्हा ही शिस्त जाचक वाटायची. पुढे लोकांच्या गाड्या बघताना लक्षात आलं की 'टायमिंग हललंय' म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत टायमिंग कोणी हलवलेलंच नसतं. पॉइंटची टाच, म्हणजे कॅमवर घासणारा भाग, झिजलेली असते, एवढंच.

इथे जे सांगतोय ते हिंदुस्तान मोटर्सच्या अॅम्बेसेडरमधल्या १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल, म्हणजे मॉरिसकडून आलेल्या ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या इंजिनाबद्दल. नंतर आलेल्या १८०० सीसीच्या इसुझू इंजिनाबद्दल नाही. पद्मिनी किंवा जीपवाल्यांनाही पद्धत हीच लागू पडेल, पण आकडे आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग) फिरायची दिशा आपापल्या मॅन्युअलमधून घ्यावी.

नेमकं काय बसवतोय?

प्लगवर ठिणगी पडली की मिश्रणाचा एकदम भडका उडत नाही. ज्वाला प्लगपाशी सुरू होते आणि सिलिंडरभर पसरते, त्याला दोनेक मिलिसेकंद लागतात. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम ५ अंश फिरते. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात १८ अंश. दाब सगळ्यात जास्त व्हायला हवा तो पिस्टन वरच्या टोकावरून, म्हणजे टीडीसीवरून, उतरायला लागल्यावर साधारण १५ अंशांच्या आसपास. म्हणून ठिणगी आधीच पडावी लागते आणि वेग वाढेल तशी आणखी आधी.

वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेण्याचं, म्हणजे आणखी लवकर पाडण्याचं काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा करतात. हलक्या अॅक्सिलरेटरवर थोडी जादा भर घालतं ते व्हॅक्यूमचं डबडं. आपण बसवतो ते फक्त सुरुवातीचं टायमिंग, ज्यावर हे दोघे पुढची बेरीज करतात. त्यामुळे वजनं गंजून अडकली असतील तर सुरुवात कितीही अचूक बसवा, वरच्या वेगाला गाडी मेलेलीच राहणार. कॅप काढा, रोटर फिरायच्या दिशेने हाताने पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगच्या जोराने झटकन मागे आला पाहिजे. आळसावून आला किंवा आलाच नाही, तर आधी शाफ्टच्या डोक्यातला फेल्ट काढून तिथे दोन थेंब तेल आणि वजनांची साफसफाई.

व्हॅक्यूमची परीक्षा तोंडाने होते. कार्बोरेटरकडून येणारी नळी काढा, तोंडाने ओढा आणि जीभ लावून धरा. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ काढेपर्यंत तिथेच राहिली पाहिजे. हवा येत राहिली तर डायफ्राम फाटलाय.

हाताशी काय हवं

फिलर गेज (गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्या), चांगल्या टोकाचे दोन स्क्रू ड्रायव्हर, डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पचा पाना, प्लग पाना, खडू किंवा पांढरं नेलपॉलिश, आणि १२ व्होल्टचा छोटा बल्ब. डॅशबोर्डच्या मीटरमध्ये लागतो तेवढा लहान चालतो, फार तर ५ वॅट. त्याला होल्डर आणि दोन वायरी जोडा, टोकांना क्रोकोडाइल क्लिपा लावा. हेच आपलं मुख्य हत्यार. टायमिंग लाइट असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. इंजिन गार. चारही प्लग काढून ठेवा म्हणजे कॉम्प्रेशन जाऊन इंजिन हाताला हलकं लागेल. प्लगच्या वायरींवर १, २, ३, ४ लिहायला विसरू नका. एक नंबर रेडिएटरकडचा.

इंजिन फिरवायला अॅम्बेसेडरचं हँडल म्हणजे वरदान. पण प्लग जागेवर असताना हँडल मारायची वेळ आली, तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा पलीकडून वळवू नका. माझ्या काकांचं मनगट १९७० च्या दशकात असंच गेलं. टायमिंग फार पुढे होतं, इंजिनाने उलटा हिसका दिला आणि हँडल अंगठ्यात अडकलं.

पॉइंट: इथे घाई करायची नाही

डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या उजव्या बाजूला, प्लगांच्याच बाजूला आहे. दोन क्लिपा सोडून कॅप काढा. आतून कॅप पुसून उजेडात फिरवून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका पितळी टोकाकडून दुसऱ्याकडे गेली असेल, तर तो तडा आहे आणि करंट तिथूनच पळतोय. अशी कॅप घासून वापरायची नसते. मधला कार्बनचा दांडा स्प्रिंगवर आतबाहेर होतोय का तेही बघा.

आता पॉइंट उघडून बघा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालं असेल, तर फिलर गेज त्या टेकाडावर टेकतं आणि गॅप खोटा दाखवतं. थोडं असेल तर बारीक कानसीने सपाट करता येतं. पॉलिश पेपर शक्यतो वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. खरं सांगायचं तर नवा सेट घालणंच शहाणपणाचं. पॉइंट वारंवार जळत असतील, निळेकाळे पडत असतील, तर कंडेन्सर बदला.

नवा सेट बसवताना एक चूक इतक्या वेळा बघितलीय की ती इथे सविस्तर सांगतो. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ज्या खुंटीवर पॉइंटची स्प्रिंग अडकते, तिथेच कॉइलकडून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) आलेली वायर आणि कंडेन्सरची वायर येते. या दोन्ही वायरींची टोकं स्प्रिंगला टेकली पाहिजेत, पण खुंटीला किंवा प्लेटला मुळीच नाही. त्यासाठी प्लॅस्टिकची चकती आणि खांद्याची बुश असते. चकतीचा क्रम चुकला की करंट सरळ अर्थ होतो, म्हणजे इंजिनाच्या धातूत निघून जातो, पॉइंट उघडले तरी ठिणगी पडत नाही, आणि माणूस टायमिंग फिरवत बसतो. जुना सेट काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमच्या वेळी ही सोय नव्हती म्हणून आम्ही सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचो.

आणखी एक जागा बघा. पॉइंटची प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरचं अंग यांच्यात कापडी आवरणाची छोटी वायर असते. व्हॅक्यूममुळे प्लेट सतत हलते आणि वर्षानुवर्षं वाकून ती आतल्या आत तुटते. मग गाडी मध्येच मिसिंग करते, मध्येच बरी होते. चिमट्याने हलकेच ओढून बघितली की कळतं.

गॅप ठेवायचा १४ ते १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. हँडलने इंजिन हळू फिरवा, पॉइंटची टाच कॅमच्या अगदी उंच टोकावर येऊ द्या, मग स्थिर बाजूचा स्क्रू थोडा ढिला करा आणि १५ थाऊची पाती घाला. ती हलक्या ओढीने सरकली पाहिजे. लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर गॅप जास्त, पॉइंट ढकलत गेली तर कमी. स्क्रू आवळताना गॅप हमखास बदलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. पाती तेलकट असेल तर ते तेल पॉइंटवर बसतं. शेवटी पेट्रोलमध्ये भिजवलेला स्वच्छ कागद पॉइंटमध्ये धरून ओढून घ्या. कॅमवर अगदी तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवरच येतं.

डवेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारा) असेल तर या डिस्ट्रिब्युटरला आकडा ६० अंशांच्या जवळ यावा. घासलेल्या पॉइंटवर पातीपेक्षा डवेल जास्त खरा.

आणि टायमिंगआधी पॉइंट का, तर हे बघा. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. टाच झिजून गॅप कमी झाला की उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. आधी टायमिंग बसवून नंतर पॉइंटला हात लावलात तर पहिली मेहनत पाण्यात.

एक नंबर टीडीसीवर आणणं

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि कोणाला तरी हँडल हळू फिरवायला सांगा. समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. अंगठ्याखालून हवा जोरात ढकलली गेली की कॉम्प्रेशन स्ट्रोक सुरू झाला. टॅपेट कव्हर उघडंच असेल तर आणखी सोपं. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलायला लागले, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, तर एक नंबर फायरिंगला आलाय.

आता पुलीवरची खूण. क्रँकच्या पुलीच्या कडेला खाच असते आणि टायमिंग कव्हरवर दर्शक काटे. या इंजिनाच्या काट्यांत लांब काटा टीडीसीचा, बाकीचे त्याच्या ५ आणि १० अंश आधीचे. वर्षानुवर्षांच्या तेलाच्या थराखाली ते दिसतच नाहीत. रॉकेलने पुसा, खाच नेलपॉलिशने भरा.

काटे वाकलेले किंवा तुटलेले असतील, पुली बदललेली असेल, तर स्वतःची खूण करून घ्यावी लागते. एका जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून काढा आणि त्यात गोल टोकाचा बोल्ट असा बसवा की पिस्टन वर यायच्या थोडा आधी त्याला टेकेल. हा प्लग एक नंबरला लावा. बाकीचे प्लग बाहेरच, बॅटरीची वायर काढलेली. सेल्फने हे कधीच करायचं नाही, फक्त हाताने, अलगद. एका दिशेने पिस्टन टेकेपर्यंत फिरवा, कव्हरवरच्या एका ठरावीक बिंदूसमोर पुलीवर रेघ मारा. मग उलटं फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा आणि दुसरी रेघ. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. आता दोरीने पुलीचा घेर मोजा आणि ३६० ने भागा. घेर ४५ सेंटिमीटर असेल तर एक अंश म्हणजे सव्वा मिलिमीटर आणि ५ अंश म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. टीडीसीची रेघ ज्या बाजूने काट्याकडे येते, ती बाजू म्हणजे 'आधी'. बोल्टवाला प्लग काढून ठेवायला विसरू नका. हे सांगण्यामागे अनुभव आहे.

पुस्तकातला आकडा कॉम्प्रेशन रेशोप्रमाणे बदलतो, आपल्या मॅन्युअलमधला घ्या. मॅन्युअल हाताशी नसेल तर टीडीसीच्या ५ अंश आधी ही सुरुवात बिनधोक आहे. अखेरचा निकाल रस्त्यावरच लागतो.

बल्ब

एक क्लिप कॉइलच्या त्या टर्मिनलला लावा जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. दुसरी क्लिप इंजिनाच्या उघड्या धातूला. फार जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, पण बल्बला त्याचं सोयरसुतक नाही. चावी ऑन करा. पॉइंट बंद असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटणार. आणि पॉइंट उघडण्याचा क्षण म्हणजेच ठिणगीचा क्षण.

बल्ब कधीच विझत नसेल तर पॉइंट टेकत नाहीत किंवा त्यांच्यावर थर आहे, नाहीतर बारीक वायर तुटली आहे. कधीच पेटत नसेल तर वर सांगितलेल्या चकतीचा घोळ, नाहीतर कंडेन्सर शॉर्ट.

डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमच्या डबड्याच्या टोकाशी रेघांचा छोटा नट असेल तर तो आधी मधोमध आणून ठेवा. मग हँडलने इंजिन सरळ दिशेने फिरवत खाच हव्या त्या अंशावर आणा. पुढे गेली तर तशीच मागे आणू नका. चेन आणि गिअरमधला ढिलेपणा फसवतो. पाव फेरा मागे घ्या आणि पुन्हा पुढे येत थांबा. रोटर या वेळी कॅपमधल्या एक नंबरच्या टोकाकडे बघत असला पाहिजे.

क्लॅम्पचा बोल्ट एवढाच ढिला करा की डिस्ट्रिब्युटर हाताने जड फिरेल. या इंजिनाचा रोटर वरून बघताना उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर आधी त्याच दिशेने फिरवा, बल्ब विझेपर्यंत. मग सरळ दिशेने, अगदी केसभर केसभर, बल्ब पेटतो तिथे थांबा. बोल्ट आवळा, पण बेतानेच, कारण जोर केला की क्लॅम्पची पट्टी वाकते आणि पुढच्या वेळी ती पकडतच नाही.

लक्षात ठेवायला एकच गोष्ट: रोटरच्या विरुद्ध फिरवलं की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेने फिरवलं की मागे.

आता खातरजमा. हँडलने इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा खुणेपाशी या. बल्ब त्याच ठिकाणी पेटला तर झालं. मग एकच फेरा फिरवा. आता चार नंबरची पाळी, तरी बल्ब खाचेच्या त्याच जागी पेटायला हवा. बराच फरक पडला तर डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट किंवा बुश झिजली आहे. रोटर धरून आडवा हलवा, खटखट जाणवेल. असल्या डिस्ट्रिब्युटरवर अंशांची चर्चा व्यर्थ आहे, बुश बदलून घ्या.

हे सगळं करताना चावी अर्धा तास ऑन ठेवू नका. पॉइंट बंद असताना कॉइलमधून साधारण ४ अँपिअर सतत जातात आणि ती तापते.

कॅप लावा. वायरींचा क्रम १-३-४-२, रोटर फिरतो त्याच दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. कधीतरी कोणी ड्राइव्हचा गिअर काढून वेगळ्या दातावर बसवलेला असतो, मग रोटर पुस्तकातल्या चित्राप्रमाणे उभा राहत नाही. घाबरू नका. एक नंबर टीडीसीवर असताना रोटर जिथे बघतो तिथे एक नंबरची वायर, तिथून पुढे क्रमाने बाकीच्या. डिस्ट्रिब्युटर फिरवायला जागा उरत असेल तर गाडी तशीही उत्तम चालते.

टायमिंग लाइट असेल तर

इंजिन गरम, आयडलिंग सातशेच्या आसपास, व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलेलं. पिकअप एक नंबरच्या वायरवर. ढगळ बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी पंख्यापासून दूर. लाइटमध्ये पंखा थांबल्यासारखा दिसतो, तो थांबलेला नसतो. अॅक्सिलरेटर वाढवला की खूण सलग पुढे सरकली पाहिजे आणि सोडल्यावर जागेवर आली पाहिजे. थरथरत असेल तर पुन्हा तीच झिजलेली बुश.

चढावर कान देऊन

आयडलिंगला गोड वाजतंय म्हणून समाधान मानू नका. इंजिन चांगलं गरम झाल्यावर, मागे दोन माणसं बसवून एखादा चढ गाठा. मी जुन्या कात्रज घाटात जातो. काचा खाली, टॉप गिअर, ताशी ४० च्या आसपास, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक खडखडाट क्षणभर येऊन विरला, तर टायमिंग नेमकं. चालूच राहिला तर फार पुढे आहे, ताबडतोब पाय काढा. हा आवाज पिस्टन आणि बेअरिंगला खातो. मुळीच आला नाही तर एक अंश पुढे नेऊन पुन्हा त्याच चढावर या.

एकेक अंशासाठी तो छोटा नट आहे. त्याचे साधारण ११ टिक म्हणजे क्रँकचा एक अंश. शेजारी पुढे-मागेचे बाण आणि अक्षरं असतात. यासाठी क्लॅम्प सोडायची गरज नाही.

टायमिंग मागे असेल तर आवाज काही येत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. गाडी जड वाटते, चढावर तापते, सायलेन्सर फटफटतो, पेट्रोल पिते. पुढे असेल तर गरम इंजिनावर सेल्फ अडखळतो, जणू बॅटरी उतरलीय.

आणि पेट्रोलचं. या गाड्यांची पुस्तकं छापली गेली तेव्हाचं पेट्रोल आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनचं होतं, त्यामुळे पुस्तकापेक्षा दोन-तीन अंश पुढे इंजिन आनंदाने घेतं. उलट आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यावर जुनं कार्बोरेटर किंचित लीन चालतं, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. अॅक्सिलरेटर दाबताना गाडी दचकते ती यामुळे. तो दोष टायमिंगच्या माथी मारू नका, जेट बघा. रबरी पेट्रोल पाइप चिकट झाले असतील तर तेही बदला.

नव्या पॉइंटची टाच पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये बसते आणि गॅप थोडा कमी होतो. तेव्हा पुन्हा १५ थाऊची पाती घाला, पुन्हा बल्ब लावा. या वेळी सगळं मिळून वीस मिनिटं लागतात. गॅप, अंश आणि नटाचे टिक ग्लव्ह बॉक्समधल्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.